कोंबड्यांच्या खुराड्याची नोंद

अलाबामातून जाणाऱ्या मराठी माणसाची गाडी टस्कीगीच्या पाटीपाशी हमखास वळते. वळवणारं पुस्तक एकच, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. १९८१ पासून आपल्याकडे वाढदिवस असो की बक्षीस समारंभ, हे पुस्तक दिलं-घेतलं जातं. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे एवढंसं गाव आपल्याला मामाच्या गावासारखं ओळखीचं वाटतं. आम्हीही वळलो. गाडीतून उतरल्या उतरल्या बरोबरच्या काकूंनी विचारलं, "कार्व्हरांचं घर कुठंय?"

घर नाहीच. १८९६ साली कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर इथल्या टस्कीगी शिक्षणसंस्थेत शिकवायला आले, १९४३ च्या जानेवारीत इथेच गेले आणि मधली सेहेचाळीस वर्षं संस्थेच्या इमारतींतल्या खोल्यांत राहिले. आधी रॉकफेलर हॉल, शेवटी डोरोथी हॉल. त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे, पण ते संस्थेच्या जुन्या धोबीखान्यात. काकूंचा चेहरा उतरला. थोर माणूस म्हटला की त्याचं घर असणार, घरात त्याची खाट, चष्मा आणि दौत मांडलेली असणार, असं आपण धरूनच चालतो. इथे धोबीखाना निघाला.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीवर अडून बसलो आहे. ऐतिहासिक वास्तू कोणती, हे ठरवण्याचं माप मुळात घरवाल्यांनी घरवाल्यांसाठी बेतलेलं आहे. ज्यांचं घर पक्कं होतं, पिढ्यान् पिढ्या एकाच नावावर राहिलं आणि ज्याला पोटासाठी हात लावावा लागला नाही, त्यांची वास्तू मापात बसते. ज्यांनी पत्रा बदलत, खिडकी बुजवत, मागे एक खोली काढत दिवस ढकलले, त्यांची बसत नाही. टस्कीगी ज्या मेकन काउंटीत आहे तिथे फिरताना हे उघड दिसतं, म्हणून तिच्याच निमित्ताने लिहितो.

काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. २०२० च्या जनगणनेत मेकनची लोकसंख्या साडेएकोणीस हजारांच्या आसपास होती, त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय. १८३२ साली मस्कोगी या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर ही काउंटी आखली गेली, पुढच्या काही वर्षांत त्या लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकललं, आणि मग कापूस आला, कापसाबरोबर गुलाम आले. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या वाड्यांपैकी टस्कीगीतला ‘ग्रे कॉलम्स’ अजून दिमाखात उभा आहे. १८५० च्या दशकातला, व्हार्नर नावाच्या मळेवाल्याचा. भोवताली उंच खांबांची रांग, समोर झाडं. दक्षिणेतल्या कुठल्याही काउंटीच्या पर्यटन पत्रकावर छापतात तसला. सुंदर आहे, यात वाद नाही. गावात १९०५-०६ चं न्यायालय आहे, लाल विटांचं, वर घड्याळाचा मनोरा. या दोन इमारतींना कोणी कधी विचारलं नाही की बाई, तू ऐतिहासिक कशी?

आता दुसरी जागा बघा. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन इथे शिक्षक म्हणून आले तेव्हा आजची संस्था म्हणजे कृष्णवर्णीयांची एक शाळा होती, तीही चर्चजवळच्या गळक्या झोपडीत. मग त्यांनी गावाबाहेर शंभर एकरांचा एक उजाड मळा पाचशे डॉलरला घेतला, तोही उसनवारी करून. मालकाचा मोठा वाडा आधीच जळून गेला होता. उरलं काय, तर जेवणघर म्हणून वापरलेली एक खोली, जुनं स्वयंपाकघर, घोड्यांचा तबेला आणि कोंबड्यांचं खुराडं. वर्ग तबेल्यात भरले, पुरेना म्हणून खुराड्यातही भरले. खुराडं झाडायला एका म्हाताऱ्याला बोलावलं तेव्हा तो चक्रावला, असं वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय: खुराडं साफ करायचं, आणि तेही दिवसाढवळ्या? खुराड्यात रात्रीच शिरायचं असतं, एवढंच त्याला ठाऊक. हसू येतं, आणि मग त्या हसण्याखालचं दारिद्र्य दिसतं.

हे खुराडं आज नाही. ते टिकलं असतं तरी कोणत्या रकान्यात भरलं असतं? वास्तुशैली: खुराडं. काळ: अज्ञात. कारागीर: अज्ञात. पण अमेरिकेतल्या शिक्षणाच्या इतिहासातली त्याच्या तोडीची इमारत मला तरी ग्रे कॉलम्समध्ये दिसत नाही.

खुराड्यातून निघालेल्या मुलांनी पुढे विटा पाडायला सुरुवात केली. गावात वीटभट्टी नव्हती आणि शाळेत कोणाला विटा भाजता येत नव्हत्या. पहिली भट्टी फसली, दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथीसाठी पैसा नव्हता, तेव्हा वॉशिंग्टन यांनी मॉन्टगोमेरीत जाऊन घड्याळ गहाण ठेवलं, पंधरा डॉलर मिळाले, भट्टी लागली. घड्याळ काही सुटलं नाही. त्या विटांतून उभी राहिलेली संस्था आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, १९७४ पासून. नकाशे काढणारे रॉबर्ट टेलर हे एमआयटीतून १८९२ साली पदवी घेतलेले पहिले कृष्णवर्णीय स्थापत्यकार. वॉशिंग्टन यांचं घर, ‘द ओक्स’, त्यांनीच रेखाटलं, विटा मुलांच्या, मजुरीही मुलांची. संस्थेचं जुनं प्रार्थनागृहही टेलर यांचं. १९४२ च्या डिसेंबरात ते त्याच प्रार्थनागृहात कोसळले आणि गेले. १९५७ साली ते प्रार्थनागृह जळालं.

इथे कोणी म्हणेल, मग तक्रार कसली? टस्कीगीला मान मिळालाच की. मिळाला, पण बारकाईने बघा काय मिळालं ते. वीट मिळाली. संस्थेने वीट पाडली म्हणून ती मापात बसली. ज्या खेड्यापाड्यांसाठी ती संस्था होती, तिथल्या लाकडी शाळा, चर्चं, न्हाव्याची दुकानं, सभागृहं यांच्यापर्यंत हा मान फार कमी पोचला आणि जिथे पोचला तिथे उशिरा पोचला.

आता मापाची गोष्ट. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. इमारत साधारण पन्नास वर्षं जुनी हवी, तिला काही महत्त्व हवं आणि वर तिची ‘अखंडता’ टिकलेली हवी. ही अखंडता सात अंगांनी तपासतात: जागा, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि संबंध. कागदावर वाचताना फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात खेड्यातल्या गरीब चर्चचं काय होतं? वाळवी लागली म्हणून फळ्यांवर प्लास्टिकचं आवरण चढवलेलं असतं. लाकडी खिडक्या सडल्या म्हणून ॲल्युमिनियमच्या बसवलेल्या असतात. लग्नाकार्याला जेवण वाढायला मागे खोली काढलेली असते. म्हणजे साहित्य गेलं, कारागिरी गेली, रचना गेली. सातातले तीन गुण कापले ते नेमके त्या कामांसाठी, ज्यांच्यामुळे चर्च पडलं नाही. पैसेवाल्याने हात लावला नाही ती अखंडता, आणि गरिबाने जीव लावून डागडुजी केली तो बिघाड.

त्यात आणखी एक मेख आहे, जी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. नोंदवहीत नाव आलं म्हणजे इमारत वाचली असं नव्हे. खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती उद्या पाडू शकतो, केंद्र सरकार आडवं येत नाही. नोंदीचा खरा फायदा करसवलतीचा: जीर्णोद्धाराच्या खर्चाच्या वीस टक्के. पण ही सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींना. वाड्याचं लग्नाचं कार्यालय केलं, हॉटेल केलं, तर मिळते. म्हातारी स्वतःच्या नोंदणीकृत घरात राहते आहे, तिने छप्पर घातलं तर त्यातला छदामही मिळत नाही. चर्च मुळात करच भरत नाही, त्याला करसवलतीचं काय लोणचं घालायचं?

मालकीचा घोळ तर आपल्याला समजावून सांगायलाच नको. दक्षिणेत कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनी मृत्युपत्राविना वारसांकडे येत गेल्या. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली तीन शिकागोत, दोन डेट्रॉइटात, एकाचा पत्ता नाही. अशा घराला बँक कर्ज देत नाही, अनुदानाच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत. छप्पर गळतं ते गळतंच. आपल्या कोकणातली बंद घरं आठवा, तीच कथा.

माझ्या म्हणण्याचा सगळा भार ज्या इमारतींवर आहे त्या या काउंटीच्या आसपासच जन्मल्या: रोझनवाल्ड शाळा. ज्युलियस रोझनवाल्ड हे सिअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष. १९१२ साली पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी टस्कीगीला २५,००० डॉलर दिले. त्यातले २,८०० उरले. वॉशिंग्टन यांनी विचारलं, याच्यात आसपासच्या खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा छोट्या शाळा बांधू का? बांधल्या. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत त्या ४,९७७ झाल्या, शिवाय शिक्षकांची घरं आणि कार्यशाळा वेगळ्या.

अशी एखादी शाळा उरली असेल तर तिच्या खिडक्यांकडे नीट बघा. वीज नव्हती, म्हणून इमारतीचं तोंड असं धरलेलं की उजेड पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून यावा, उत्तर-दक्षिण नाही. खिडक्या एकेकट्या नाहीत. उंचच उंच खिडक्या एकमेकींना खेटून ओळीने बसवलेल्या, जवळजवळ आढ्यापर्यंत. बाकं अशी मांडायची की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून पाटीवर पडावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. मोठ्या शाळांत दोन वर्गांमधली भिंत सरकवता यायची, सरकवली की गावाचं सभागृह तयार. खांब नाहीत, नक्षी नाही, पण मुलाच्या हाताची सावली कुठे पडेल इथपर्यंत विचार केलेला. स्थापत्य म्हणजे याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही.

आणि पैसे कोणी दिले? शाळा रोझनवाल्डच्या नावाने ओळखल्या जातात, पण त्यांच्या निधीची अट होती की आधी गावाने वर्गणी काढायची आणि सरकारने आपला वाटा उचलायचा. शेवटचा हिशेब मांडला तेव्हा निधीचे सुमारे ४३ लाख ६४ हजार डॉलर होते, आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचे ४७ लाख २५ हजार. म्हणजे कोट्यधीशापेक्षा कूळ जास्त देऊन बसलं. सर्वांत मोठा वाटा सरकारी कराचा, पण तो करही हे लोक भरतच होते, म्हणजे एकाच शाळेसाठी दोनदा खिसा रिकामा. शाळेच्या नावाने शेताचा तुकडा राखायचा आणि तिथला कापूस विकून पैसा द्यायचा, अशीही पद्धत होती. ज्याच्याकडे तेही नव्हतं त्याने लाकूड दिलं, अंगमेहनत दिली.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या आणि पुढच्या दोन दशकांत या इमारती एकेक करून बंद पडल्या. हव्याच होत्या बंद व्हायला; वेगळ्या शाळांचं कौतुक कोणाला? पण बंद झालेल्या इमारतीचं काय करायचं हे कोणी ठरवलं नाही. कोणाच्या गोठ्यात गेल्या, कोणी गवत भरलं, बाकीच्या कुजल्या. २००२ साली त्यांचं नाव देशातल्या सर्वांत धोक्यातल्या स्थळांच्या यादीत आलं, तेव्हा बहुतेक गेलेल्या होत्या.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला आहे रखवालदारांचा: अखंडतेची अट सैल केली तर उद्या कोणीही कोणत्याही शेडला ऐतिहासिक म्हणेल. आक्षेप पोकळ नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवी बनवाबनवी कशी होते, हे आपल्या देवळांना ऑइल पेंट फासलेला पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. पण माझी मागणी अट काढण्याची नाही, बदल मोजण्याची आहे. १९३० चं छप्पर, १९५० ची खिडकी, १९८० ची मागची खोली: प्रत्येक बदल कोणी, का आणि कोणाच्या वर्गणीने केला, याचीच नोंद घ्या. चर्चच्या वहीत ती बहुधा लिहिलेलीही असते. ज्याला बिघाड म्हणता तो त्या इमारतीचा इतिहासच आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आणि जास्त तापलेला. २०२५ च्या मे महिन्यात लुइझियानातला नॉटवे नावाचा प्रचंड मळेवाडा जळाला तेव्हा समाजमाध्यमांवर अनेकांनी आनंद साजरा केला. जळू द्या हे खांब, म्हणाले. ज्यांचे पणजोबा अशा मळ्यांवर राबले त्यांना मी काय शहाणपण शिकवणार? तरीही मला ते पटत नाही. वाडा जळाला की त्याच्यासोबत पुरावाही जळतो, आणि पुरावा नष्ट झाल्याने सोय कोणाची होते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यापेक्षा टस्कीगीने जे केलं ते मला फार आवडतं. ग्रे कॉलम्समध्ये आज कोण राहतं? टस्कीगी विद्यापीठाचे अध्यक्ष. जिथे खुराड्यात वर्ग भरले त्या संस्थेचा प्रमुख मळेवाल्याच्या वाड्यात संध्याकाळचा चहा घेतो. दहा फलक लावून हे साधलं नसतं.

गावातल्या न्यायालयाशेजारच्या चौकाचंही असंच. १९०६ साली काउंटीने तो तुकडा यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बंडखोर सैनिकांच्या लेकींच्या संघटनेला दिला, गोऱ्यांसाठी उद्यान म्हणून. तिथे सैनिकाचा पुतळा उभा राहिला, आणि शंभर वर्षांनंतरही जागेवरून वाद कोर्टात होता. चौकापासून थोड्याच अंतरावर बटलर चॅपल हे चर्च. १९५७ साली कृष्णवर्णीयांची मतं गावाबाहेर टाकण्यासाठी विधिमंडळाने टस्कीगीची चौकोनी हद्द कापून अठ्ठावीस बाजूंची केली, तेव्हा लोक याच चर्चमध्ये जमले आणि गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ती हद्द घटनाबाह्य ठरवण्याचा रस्ता मोकळा केला. पुतळा आधी पाहायचा की चर्च, एवढंच पर्यटकाने ठरवायचं.

हे सगळं आपल्याला कशाला, असं कोणी विचारलं तर जोतीरावांकडे बोट दाखवतो. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. त्या वेळी टस्कीगी निघायला आठ वर्षं होती. आणि त्याच जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली तो पुण्याचा भिडेवाडा आपण कसा सांभाळला? खाली दुकानं, वर गळकं छप्पर, वर्षानुवर्षं खटला. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला, आता तिथे स्मारक होणार. स्मारकाला माझा विरोध नाही. पण भिडेवाडा शनिवारवाड्यासारखा दिसला असता तर त्याची ही गत झाली असती का, एवढंच विचारतो. तिथेही माप तेच होतं, खांब किती आणि नक्षी किती.

परतताना आम्ही नोटासल्गाकडची वाट धरली. तिथे शायलो चर्च आहे, शेजारी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची रोझनवाल्ड शाळा आणि पलीकडे दफनभूमी. २०१० साली चर्च आणि शाळा नोंदवहीत आली, गावातल्याच मंडळींनी हातपाय हलवले म्हणून. १९३२ ते १९७२ चाललेल्या सिफिलिसच्या त्या कुप्रसिद्ध सरकारी प्रयोगात काउंटीतले सहाशे पुरुष अडकले, त्यातल्या ३९९ जणांना रोग होता, पेनिसिलिन आलं तरी त्यांना ते दिलं नाही. शवविच्छेदनाला परवानगी दिली तर अंत्यविधीचा खर्च मिळेल, हे आमिष होतं. माणसं गोळा केली गेली ती अशाच चर्चांमधून आणि शाळांमधून, कारण माणसं विश्वासाने जमत ती तिथेच. त्यातल्या काहींच्या कबरी या दफनभूमीत आहेत. एकाच आवारात गावाने वर्गणी काढून मुलांना उजेड दिला तो वर्ग, आणि सरकारने त्याच गावाला अंधारात ठेवलं त्याची खूण.

काकू कबरींमधून हळूहळू चालत होत्या. कार्व्हरांच्या घराचं त्या विसरल्या होत्या. शाळेच्या खिडक्यांपाशी येऊन त्यांनी डावा खांदा खिडकीकडे केला, उजवा हात हवेत लिहिल्यासारखा धरला आणि सावली कुठे पडते ते बघितलं. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय त्यांनी. म्हणाल्या, "बरोबर आहे."